बनोसा ते अंजनगाव : शकुंतलेच्या रुळांच्या कडेने, बंद जिनातून, पाखरांच्या मागे

पूर्णाकाठ :

मार्चच्या पहिल्या रविवारी पहाटे साडेपाचला आम्ही तिघे बनोसा स्थानकावर उभे होतो. (अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूरच्या स्थानकाचे रेल्वेदफ्तरी नाव बनोसा आहे, नव्या माणसाला ते ठाऊक नसते आणि तो नकाशावर दर्यापूर शोधत राहतो.) तेथून शकुंतलेच्या, म्हणजे अरुंद मापाच्या जुन्या आगगाडीच्या, रुळांच्या कडेने कापूसतळणीवरून अंजनगावपर्यंत दिवसभरात चालत जायचे, वाटेत जे जुने बांधकाम लागेल ते पाहायचे आणि जी पाखरे दिसतील ती वहीत उतरवायची, एवढाच बेत होता. गाडी बंद होऊन काही वर्षे झाली आहेत. रुळांवर आता शेळ्या, उपटलेल्या पऱ्हाट्यांचे (कापसाच्या वाळक्या झाडांचे) भारे नेणाऱ्या बाया आणि आमच्यासारखे रिकामटेकडे एवढेच भेटतात.

या मार्गाची ओळख नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. मुंबई-नागपूर मोठ्या रेल्वेवरच्या मूर्तिजापूरहून उत्तरेला अचलपूरपर्यंत सुमारे ७६ किलोमीटर आणि दुसऱ्या बाजूला यवतमाळपर्यंत सुमारे ११३ किलोमीटर अशा दोन फांद्या विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत टाकल्या गेल्या. दोन रुळांमधले अंतर २ फूट ६ इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर. मुंबईच्या किलिक निक्सन कंपनीच्या कारभाराखालील सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीने हे मार्ग उभारले आणि त्यांचे मुख्य प्रयोजन एकच होते : वऱ्हाडातला कापूस मूर्तिजापूरला, तेथून मुंबई बंदरात आणि पुढे मँचेस्टरकडे नेणे. ज्या मँचेस्टरला आपला कापूस गेला, त्याच मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेले वाफेचे इंजिन या रुळांवर १९९४ च्या एप्रिलपर्यंत धावत होते. ते पाहिलेली आणि त्याच्या धुराने डोळे चोळलेली माणसे या संकेतस्थळावर बरीच असतील.

आता ज्या गोष्टीसाठी हा धागा काढला ती सांगतो. पूर्णा नदीच्या खोऱ्यात दगड नाही. येथे जमीन म्हणजे शेकडो फूट खोल गेलेला गाळ. वर काळी भुसभुशीत माती, खाली खारे पाणी. लहानपणी आंबे पाडायला गोटा सापडत नसे, ढेकूळ मारावे लागे, आणि ते झाडाला लागायच्या आत हवेतच फुटे. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसते, तेथे गाविलगडाचे कडे आहेत. परंतु मधल्या या सपाट पट्ट्यात कडा नाही, कपार नाही, खडकाळ माळ नाही आणि पिकाविना राहिलेले गवतही फारसे नाही, कारण धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, नांगर जातो. अशा प्रदेशात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी माणसांनी बाहेरून काळा दगड आणून पूल बांधले, गिट्टी आणून रूळ टाकले, विटांची उंच धुराडी उभी केली आणि रुळांच्या दोन्ही अंगांना नांगर न लागणारी जमिनीची पट्टी राखली. कारखानदारी गेली; पाखरांच्या लेखी मात्र हा कडा, ही कपार, हा माळ आणि हे कुरण आहे. दिवसभरात पाहिलेले जवळजवळ सगळे या एका वाक्यात बसते, असे मला वाटले.

पहिला पुरावा सूर्य उगवल्यावर अर्ध्या तासातच मिळाला. एक टिटवी आमच्यापुढे ओरडत, लंगडल्यासारखी करत पळू लागली, तेव्हा आम्ही जागीच थांबून दुर्बिणीने शोधले. दोन स्लीपरांच्या मध्ये गिट्टीत चार अंडी होती, आणि ती गिट्टीपासून वेगळी ओळखायला आम्हाला चांगली पाच मिनिटे लागली. टिटवीला उघडी, खड्यांची जमीन लागते, कारण तिची अंडी खड्यांसारखीच मातकट आणि काळ्या ठिपक्यांची असतात. भोवतीच्या काळ्या मातीत तिने ती घातली असती तर कावळ्याला लांबूनच दिसली असती. आम्ही धुऱ्यावर उतरून वळसा घातला. [ही जागा कोणत्या दोन गावांमध्ये होती ते येथे लिहिले होते, खालील सूचनेवरून काढून टाकले आहे.]

रुळांच्या कडेच्या सुकलेल्या गवतात डोंबारी चंडोलांच्या जोड्या होत्या. नर उभा आकाशात चढून शीळ घालत खाली झेपावतो आणि जमिनीला टेकणार तोच पुन्हा वर उचलला जातो. नावातला डोंबारी तेथे दिसतो. तित्तरांची हाक दोन्ही बाजूंनी येत होती, दिसले मात्र एकच. तारयंत्राच्या तारा कधीच गेल्या आहेत, परंतु लोखंडी खांब काही ठिकाणी अजून उभे आहेत आणि त्यांतल्या प्रत्येकाला एकेक धनी आहे : एकावर नीळकंठ, पुढच्यावर कोतवाल, त्यापुढच्यावर खाटीक. एका खांबावर कापशी बसली होती. थोड्या वेळाने ती उठली, कापलेल्या हरभऱ्याच्या वावरावर एका जागी पंख फडफडवत थांबली आणि पाय खाली सोडून हळूहळू उतरत गेली. उंदीर मिळाला की नाही ते गव्हाच्या आड दिसले नाही.

दुपारच्या आधी एका गावाबाहेरच्या बंद जिनात (कापसातून सरकी वेगळी करण्याच्या कारखान्यात) शिरलो. मालकाच्या राखणदाराची परवानगी घेतली होती. तो आमच्याबरोबर आला आणि चहाही त्यानेच पाजला. लांबलचक दालन, अर्धे छप्पर गेलेले, भिंतींत एका ओळीत खोबणी. या खोबण्यांत मुख्य दांडा फिरत असे आणि त्यावरून पट्ट्यांनी एकेक रेचा, म्हणजे सरकी काढण्याचे यंत्र, चाले. बाजूला गठाणी बांधण्याच्या दाबयंत्राची दोन मजली इमारत आणि मागे धुराडे. गावात या धुराड्याला चिमणीच म्हणतात, त्यामुळे ‘चिमणीत चिमण्या आहेत का’ असे विचारल्यावर राखणदार बराच वेळ हसला. चिमण्या होत्याच. बांधकामाच्या वेळी परांचीची लाकडे रोवण्यासाठी ठेवलेली चौकोनी भोके कोणी बुजवलेली नाहीत. त्यांत खाली चिमण्या, मध्ये साळुंक्या आणि वर पोपट अशी मजल्यांची वाटणी दिसली. दाबयंत्राच्या इमारतीतल्या एका भोकातून पिंगळ्याची जोडी आमच्याकडे माना खालीवर करून पाहत होती. वरच्या अंधाऱ्या तुळईखाली पांढऱ्या विष्ठेचा सडा आणि केसाळ गोळ्यांचा ढीग होता. राखणदार म्हणाला की तेथे गव्हाणी घुबड राहते आणि त्याला कोणी हुसकावत नाही, कारण सरकी असताना त्याने उंदीर आटोक्यात ठेवले होते.

जिनाच्या विहिरीवर झुकलेल्या बाभळीला सुगरणीची गेल्या पावसाळ्यातली घरटी लोंबत होती आणि त्यांतल्या दोन घरट्यांत चांदीचोच मुनियांची ये-जा चालू होती. पुढे एका दगडी पुलाजवळ तारेवर पाकोळ्या ओळीने बसलेल्या पाहिल्या आणि त्यांचे फोटो काढले. अंजनगावला पोहोचलो तेव्हा सायंकाळचे सहा वाजून गेले होते, पायांची चाळण झाली होती आणि वहीत ५३ जाती होत्या. कोणाला या मार्गाच्या इतर टप्प्यांची, जिनांची किंवा पाखरांची माहिती असल्यास अवश्य लिहावी.

गव्हाणी :

लेख आवडला. दोन सूचना करतो, राग मानू नये.

पहिली सूचना अशी की टिटवीच्या घरट्याची जागा इतक्या नेमकेपणाने लिहू नका. अंडी पाहायला म्हणून चांगल्या हेतूने आलेली चार माणसे टिटवीला दुपारच्या उन्हात अर्धा तास जरी उठवून ठेवतील तरी अंडी भाजून निघतात. मार्च-एप्रिलमध्ये ती अंडी ऊब देण्यापेक्षा सावली देण्यासाठीच अधिक बसते. पोटाची पिसे पाण्यात भिजवून येते आणि अंडी ओलावते.

दुसरी सूचना पाकोळ्यांविषयी. पाकोळी तारेवर बसत नाही, कारण तिला तसे बसताच येत नाही. तिच्या पायाची चारही बोटे पुढच्या बाजूला वळलेली असतात. ती भिंतीला किंवा कपारीला लटकू शकते, परंतु तार किंवा फांदी पकडू शकत नाही. तुमच्या फोटोतले पक्षी धुरकट तपकिरी आहेत आणि एकाने शेपूट पसरली आहे तिच्यात पांढरे ठिपके दिसत आहेत. ही कड्यांवर घरटे बांधणारी भिंगरी आहे. तिचे घरटे चिखलाच्या गोळ्यांचे, अर्ध्या वाटीसारखे असते. पाकोळीचे घरटे मात्र पिसे आणि काड्या लाळेने चिकटवून केलेले असते. पुलाच्या कमानीखाली कोणते घरटे होते ते पाहिले होते का?

विशेष म्हणजे या दुरुस्तीने तुमचा मुद्दा अधिक बळकट होतो. ही भिंगरी मुळात डोंगरकपारींची रहिवासी आहे. चिखलदऱ्याच्या कड्यांवर ती असणे स्वाभाविक आहे. दर्यापूरच्या गाळात ती आहे ती केवळ तुमच्या दगडी पुलामुळे.

पूर्णाकाठ :

राग कसला, आभार. जागा काढून टाकली आहे. पुलाखालचे फोटो पुन्हा मोठे करून पाहिले : कमानीच्या कोपऱ्यात चिखलाच्या दोन अर्ध्या वाट्या आहेत. पाकोळ्या जिनाच्या छपराखाली होत्या, तेथे पिसांचा गुंता होता. दोन्ही ठिकाणच्या नोंदी मी एकाच नावाखाली घातल्या. म्हणजे जातींची संख्या ५४ झाली.

रेचा :

माझे आजोबा आणि नंतर वडील एका जिनात फिटर होते, म्हणून या विषयावर लिहिण्याचा मोह आवरत नाही. धागाकर्त्यांनी खोबण्या अचूक ओळखल्या आहेत, परंतु आत काय चाले ते नव्या पिढीला कळावे म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

रेच्यात चामड्याच्या चकत्या दाबून बसवलेला रूळ असतो. त्याला घासून एक पाते स्थिर असते आणि दुसरे खालीवर होते. रुळाचे खरबरीत चामडे कापसाचा तंतू ओढून घेते, सरकी स्थिर पात्यापाशी अडते आणि हलणारे पाते तिला ठोकून खाली पाडते. घराघरांत हाताने जो चरखीसारखा रेचा चाले, त्याचेच हे मोठे, यंत्रावर चालणारे रूप. एक क्विंटल कापसातून साधारण चौतीस-पस्तीस किलो रुई निघते, राहिलेली बहुतेक सरकी. सरकीचे तेल आणि ढेप. चामड्याचा रूळ झिजला की त्याला खाचा पाडाव्या लागत, आणि हे काम आजोबा रात्री करत, कारण हंगामात दिवसा यंत्र थांबवणे मालकाला परवडत नसे. रेच्यासमोर कापूस घालण्याचे काम बहुतेक बायांचे. बारीक तंतू हवेत इतके असत की सायंकाळी आजीच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असत, असे वडील सांगत. त्या खोकल्याची आठवण मात्र कोणी कौतुकाने काढत नाही.

तुम्ही विहिरीचा उल्लेख ओझरता केला आहे. जिनाच्या दृष्टीने ती सर्वांत महत्त्वाची जागा होती. आपला हा खारपाणपट्टा. बाष्पकात खारे पाणी घातले तर नळ्यांवर क्षाराचे थर जमतात, कोळसा जास्त लागतो आणि पाणी फेसाळून वाफेबरोबर यंत्रात शिरते. म्हणून आजोबांच्या जिनात छपराचे पावसाळी पाणी एका मोठ्या टाक्यात साठवत आणि त्या टाक्याला कुलूप असे. गावात उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचे हाल आणि जिनाच्या टाक्यात गोडे पाणी, यावरून भांडणे होत. वाफ गेली, आधी तेलाची इंजिने आणि मग वीज आली, तेव्हा टाक्याचे महत्त्व संपले. आता त्या टाक्यावर काय पाखरे येतात ते पुढच्या खेपेला पाहून कळवतो.

आणखी एक. रेच्याचे दालन आणि गठाणीची इमारत वेगळ्या का, असा प्रश्न अनेकांना पडतो. रुईला आग लागली तर ती विझत नाही, धुमसत राहते. म्हणून दोन इमारतींत मोकळी जागा सोडत. गठाणीची इमारत उंच का, तर रुई वरून खोल पेटीत सोडून, तुडवून, मग पाण्याच्या दाबाने आवळत असत. आज गठाण १७० किलोची धरतात. ती उंची पिंगळ्यांना आणि घुबडांना उपयोगी पडेल, हे आजोबांच्या स्वप्नातही आले नसेल.

खामगावकर :

शकुंतलेच्या नादात आमच्या जलंब-खामगाव फांदीला विसरू नये. ती त्याहून बरीच जुनी. १८७० च्या मार्चमध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो तिच्या उद्घाटनाला खामगावला आले होते. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात तिकडचा कापूस बंद झाला, वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मोठी रेल्वे १८६७ साली नागपूरला पोहोचेपर्यंत खामगावची बाजारपेठ मुंबईच्या व्यापाऱ्यांना तोंडपाठ झाली होती. ती फांदी रुंद मापाची आहे म्हणून आजही चालते. तुमची अरुंद मापाची असल्यामुळे मूर्तिजापूरला प्रत्येक गठाण एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावी लागे. रस्त्यावर ट्रक आला तेव्हा या हमालीचा खर्च डोळ्यांत भरला आणि माल गेला. पाखरांतले मला काही कळत नाही.

आर्वीची वाट :

पुलगाव-आर्वी हा मार्गही याच अरुंद मापाचा, सुमारे ३५ किलोमीटरचा, १९१७ सालचा, आणि तोही बंद आहे. पुलगावला कापडगिरणी होती, आर्वी ही कापसाची पेठ. मी मागच्या डिसेंबरात त्यातला काही भाग चाललो. आमच्याकडे जमीन तुमच्यासारखी निखळ गाळाची नाही, मुरूम आणि दगड जागोजाग वर येतो. त्यामुळे असेल कदाचित, टिटव्या आणि माळटिटव्या रुळांवर विशेष दिसल्या नाहीत. त्या आजूबाजूच्या पडीक माळावर होत्या. तुमच्या ‘दगड नसलेल्या प्रदेशात रूळ म्हणजे माळ’ या म्हणण्याची ही उलट बाजूने झालेली पडताळणी समजावी का?

गव्हाणी :

आर्वीच्या वाटेवरील निरीक्षण मोलाचे आहे, पण डिसेंबर हा टिटवीच्या विणीचा काळ नव्हे, त्यामुळे तुलना करायची तर दोन्ही ठिकाणी मार्च ते जूनमध्ये पाहावे लागेल. तोवर निष्कर्ष राखून ठेवू.

रुळावरचा :

मी या मार्गावर नोकरी केली आहे. धागाकर्त्यांनी लिहिलेले वाचून बरे वाटले आणि थोडे खटकलेही, म्हणून दोन्ही लिहितो.

गवताची पट्टी आपोआप राहिलेली नव्हती. गँगमन ती राखत. पावसाळ्यानंतर कापणी होई, उन्हाळ्यात पट्ट्यापट्ट्यांनी जाळीत, आणि बाभळीचे रोप दिसले की उपटत, कारण इंजिनाच्या ठिणगीने कडेच्या शेतातली गंजी पेटली तर भरपाईचा कागद आमच्या माथी येई. डोंबारी चंडोल, तित्तर, लावे यांना लागणारे विरळ, आखूड गवत हे त्या कापणीचे फळ होते. गाड्या थांबल्या, गँग गेली आणि विलायती बाभूळ आली. कापूसतळणीच्या अलीकडे तुम्हाला रूळ सोडून पांदणीने जावे लागले असेल, कारण तेथे आता माणूस शिरत नाही. आणखी पाच वर्षांनी तेथे चंडोल राहणार नाहीत, बुलबुल आणि सातभाई राहतील. तेव्हा ‘कारखानदारी गेली आणि पाखरे आली’ एवढे सरळ ते नाही. यांतली बरीचशी पाखरे कारखानदारी चालू होती म्हणूनच होती.

खटकले ते असे. हा मार्ग म्हणजे अवशेष, असे तुम्ही धरून चालला आहात. आमच्या गाडीने दर्यापूर-अंजनगावच्या शेतमजुराला अत्यंत स्वस्तात मूर्तिजापूरला नेले, दवाखान्यात नेले, माहेरी नेले. ती इतकी हळू चाले की उतरून, लघवीला जाऊन पुन्हा चढता येते असा विनोद करत. पण त्या विनोद करणाऱ्यांकडे बहुधा मोटारसायकल असे. येथे रुंद मापाची गाडी यावी ही लोकांची मागणी कितीतरी वर्षांची आहे आणि ती न्याय्य आहे. गाडी आली तर तुमचा दगडी पूल पाडला जाईल, गिट्टी उचलली जाईल. तरी ती यावी, असे माझे मत आहे.

पूर्णाकाठ :

साहेब, गवताबद्दलची दुरुस्ती मी पूर्णपणे मान्य करतो. पांदणीने जावे लागले हेही खरे आहे; सुमारे दीड-दोन किलोमीटरचा तो तुकडा मी लेखात गाळला, कारण तेथे काट्यांशिवाय लिहिण्यासारखे काही नव्हते असे मला वाटले. आता वही पाहतो तर तेवढ्या तुकड्यात एकही चंडोल नाही. ते न लिहिणे ही माझी चूक होती.

गाडी यावी, यावरही दुमत नाही. माझी आई याच गाडीने बाळंतपणाला माहेरी गेली होती. रुंद मापाचा भराव झाला तर त्यावर गिट्टी आजच्या कितीतरी पट असेल, तेव्हा टिटवीची सोय लागेल. प्रश्न कडेच्या पट्टीचा आणि दगडी पुलांचा आहे. नवा पूल सिमेंटचा असला तरी त्याच्या खाली खाचा आणि कडा असल्या तर भिंगरी तेथेही चिखल लावते, असे अकोल्याच्या उड्डाणपुलाखाली पाहिले आहे. जुना पूल पाडण्याआधी त्याची मापे आणि फोटो कोणी घेऊन ठेवले तर माझे समाधान होईल.

पऱ्हाटी :

कापशीविषयी कोणी काही बोलले नाही, म्हणून विचारते. आमच्या आजोळी या पक्ष्याला कापशीच म्हणत, आणि कापसाच्या वावरात दिसते म्हणून कापशी असे मला सांगितले होते. हे बरोबर आहे का?

गव्हाणी :

ताई, नाव बहुधा तिच्या रंगावरून पडले असावे : पोट आणि डोके कापसासारखे पांढरे, पाठ राखी, खांद्यावर काळा डाग, डोळे लालभडक. परंतु आपल्या आजोळच्या माणसांचे निरीक्षण चुकीचे नव्हते. ती उघड्या शेतीप्रदेशातली शिकारी आहे, उंदीर हे तिचे मुख्य खाद्य आणि विरळ झाडे किंवा खांब ही तिची बसण्याची जागा. कापूस-तूर-हरभऱ्याचे वऱ्हाड तिला मानवते. हवेत एका जागी थांबून खाली पाहणारा आणि पाय लोंबकळत ठेवून उतरणारा पांढुरका पक्षी दिसला की दुसरे नाव शोधू नये.

धुऱ्यावरचा :

मी या धाग्यावरचा बहुधा एकटाच असा आहे की ज्याचे वावर रुळाला लागून आहे. जागा काढून टाकण्याआधी वाचली होती, म्हणून सांगतो : तुम्ही पाहिलेली टिटवी माझ्या धुऱ्यापासून दोनशे पावलांवर आहे. आम्ही तिला रोज पाहतो आणि तिने अंडी उंचावर घातली की पाऊस चांगला, असे आमचे म्हातारे सांगतात. रुळाचा भराव वावरापेक्षा तीन-चार फूट उंच आहे, त्यामुळे आमच्या भागात पाऊस दरवर्षीच चांगला व्हायला हवा होता.

तुमच्या लेखात एक गोष्ट राहिली आहे. गिट्टी कमी होत आहे. रेल्वेचे कोणी फिरकत नाही, म्हणून घराच्या पायव्याला, गोठ्यात चिखल होऊ नये म्हणून, पांदण भरायला लोक टोपल्यांनी आणि ट्रॅक्टरने ती नेतात. मी सांगतो ते फुशारकीने नव्हे, आमच्या गोठ्यातही ती आहे. तुम्हीच म्हणता तसे, या भागात गोटा सापडत नाही. मग पाखराला जे कळले ते माणसाला कळणार नाही का?

गव्हाणी :

दादा, अंड्यांची खबर ठेवता आली तर ठेवा, मात्र जवळ जाऊ नका. साधारण अठ्ठावीस ते तीस दिवसांत ती फुटतात. पिल्ले त्याच दिवशी चालू लागतात, त्यामुळे रिकामी जागा दिसली तर लगेच वाईट समजू नका.

रेचा :

मागे कबूल केल्याप्रमाणे आजोबांच्या जिनातले टाके पाहून आलो. छप्पर गेल्यामुळे त्यात थेट पाऊस पडतो आणि मार्चअखेरीसही तळाला हातभर पाणी आहे, गोडे आहे. काठावर अर्धा तास बसलो : होले, भांगपाडी मैना, एक धोबी, आणि जिनाच्या भिंतीतून निघून पाण्याला चाटून जाणाऱ्या पाकोळ्या. या खेपेला त्या पाकोळ्याच होत्या, एकही कुठे बसली नाही. कुलूप अजून कडीला लटकलेले आहे, दार मात्र नाही.

धुऱ्यावरचा :

अंडी पाहिल्याला आज चोवीस दिवस झाले. परवा गावातला एक ट्रॅक्टर गिट्टी भरायला त्याच तुकड्यावर आला होता. ड्रायव्हर ओळखीचा आहे. मी त्याला टिटवी दाखवली; तो म्हणाला की एवढ्या एका पाखरासाठी मी फेरी वाया घालवू का. शेवटी असे ठरले की तिच्या दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा पावले सोडून त्याने भरावे. त्याने तसे भरले. आता रूळ दोन्हीकडे मातीवर उघडे पडले आहेत आणि मध्ये तीस पावलांचा गिट्टीचा तुकडा राहिला आहे, त्यावर ती बसली आहे. काल दुपारी ती नाल्यावर पोट भिजवायला गेली तेव्हा लांबून मोजली : अंडी चारच आहेत.